पन्नास रुपयांचा बैल, पाच लाखांचा बैल

५० आणि ५,००,०००. दोन्ही आकडे दंडाचे, दोन्ही रुपयांतले, आणि महाराष्ट्रात दोन्ही एकाच कायद्याखाली लागू आहेत. शर्यतीच्या घाटात बैलाचे हाल केले तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. तोच बैल कारखान्याच्या वाटेवर बदडला, त्याला पेलणार नाही एवढा ऊस ओढायला लावला, तर पहिल्या गुन्ह्याला कमीत कमी दहा आणि जास्तीत जास्त पन्नास रुपये. फरक दहा हजार पटींचा.

पन्नासचा आकडा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मधला. हा कायदा १९६० चा. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत खासगी विधेयक आणले, पंडित नेहरूंनी सरकारतर्फे कायदा करण्याचा शब्द दिला, तेव्हा त्यांनी ते मागे घेतले आणि पुढे हा कायदा झाला. त्या वर्षी दहा ग्रॅम सोने सुमारे ११२ रुपयांना होते. म्हणजे पन्नास रुपये भरणाऱ्याच्या खिशातून जवळजवळ साडेचार ग्रॅम सोने जात होते. तेव्हा हा दंड नक्कीच झोंबला असेल. आज तेवढ्यात रसवंतीवर दोघांचा रस होतो.

तीन वर्षांच्या आत पुन्हा तोच गुन्हा केला तर २५ ते १०० रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण मुळात पहिला गुन्हा नोंदला गेला तर दुसऱ्याची गोष्ट. कलम ११ मधले बहुतेक गुन्हे अदखलपात्र आहेत. प्राण्यांच्या झुंजी लावणे, अत्यंत क्रूरपणे मारून टाकणे असे मोजकेच दखलपात्र. मारहाण आणि जादा ओझे त्यांत नाही. तक्रार करायलाही मुदत तीन महिन्यांची. पन्नास रुपयांसाठी न्यायालयाच्या पायऱ्या कोण चढणार?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने एक गोष्ट बरी केली. जुन्या दंडसंहितेत प्राण्याची किंमत दहा रुपये की पन्नास, यावर कलम बदलत असे. आता कलम ३२५ खाली कोणताही प्राणी मारला किंवा जायबंदी केला तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. मात्र त्यासाठी बैल मरावा लागतो, नाहीतर निकामी व्हावा लागतो. नुसता रोज थोडा थोडा झिजणारा बैल पन्नास रुपयांतच राहतो.

काय केले म्हणजे अतिरेक, हे कायद्याने मोघम ठेवलेले नाही. ओझी वाहणाऱ्या आणि ओढणाऱ्या जनावरांसाठी १९६५ चे नियम आहेत आणि ते थेट आकड्यांत बोलतात. दिवसभरात एकूण नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही. विश्रांतीशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही. पारा ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन जनावर जुंपायचे नाही. पराणीला आर नको. ओझ्याची मर्यादा जनावराचे वजन आणि चाके पाहून ठरते: टायरची दुचाकी गाडी असेल तर २०० ते ३५० किलोच्या मध्यम बैलाला १,०५० किलो, त्याहून मोठ्या बैलाला १,३५० किलो. लांबलचक खडा चढ असेल तर मर्यादा निम्म्यावर.

आता हे आकडे घेऊन गळीत हंगामात कोल्हापूर, सांगली, सोलापूर, कुठल्याही कारखान्याच्या रस्त्यावर उभे राहा. मोठ्या बैलाची मर्यादा जोडीसाठी दुप्पट धरली तरी २,७०० किलो होते. तीन टनांच्या पुढे भरलेली गाडी त्या हिशेबात बसत नाही, आणि जोडी मध्यम असेल तर अडीच टनही जास्तच. गाडीवानाला एकट्याला दोषी धरणे मात्र मला पटत नाही. त्याने मुकादमाकडून उचल घेतलेली असते, मजुरी टनावर मिळते. खेप जेवढी जड, तेवढी उचल लवकर फिटते. बैल आणि माणूस एकाच जुवाखाली आहेत, हे नुसते बोलायला म्हणून लिहीत नाही.

बैल कमी होत आहेत, हेही खरे. २०१२ च्या पशुगणनेत देशात गोवंशातले नर सुमारे ६.७९ कोटी होते. २०१९ च्या गणनेत ४.७४ कोटी उरले. सात वर्षांत तीस टक्के घट. पण म्हणून उरलेल्यांचे ओझे हलके होत नाही.

उपाय फार महाग असतो असेही नाही. वाळवा तालुक्यातल्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी २०२२ मध्ये ‘सारथी’ नावाचे चाक केले. जुवाच्या खाली, दोन बैलांच्या मधे बसणारे हे चाक मानेवरचा भार जमिनीवर घेते. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला हळद-लोणी लावतात, तो हाच खांदा.

राहिला पाच लाखांचा आकडा. तो दिल्लीने दिलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी शर्यतींवर बंदी घातली आणि दंड वाढवा, असे संसदेलाही सुचवले. शर्यती पुन्हा सुरू व्हाव्यात म्हणून महाराष्ट्राने २०१७ मध्ये या केंद्रीय कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली आणि तीत हा दंड घातला. १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध हा समवर्ती सूचीतला विषय असल्यामुळे राज्याला राष्ट्रपतींच्या संमतीने असे करता येते. याच कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी केंद्राने नोव्हेंबर २०२२ मध्ये जनतेपुढे ठेवलेल्या मसुद्याची वाट पाहत बसण्याची गरज नाही.

दुसरी दुरुस्ती उसाच्या गाडीसाठी करावी, आणि दंड गाडीवानावर न लावता ती गाडी उतरवून घेणाऱ्यावर लावावा. पुरावा शोधायला लागणार नाही. प्रत्येक भरलेली गाडी कारखान्याच्या वजनकाट्यावर चढते आणि तिचे वजन पावतीवर छापून मिळते.