पावसाने दडी मारली तर मामा तलावच वाचवेल धान

भंडारा : पाऊस आता पहिल्यासारखा राहिला नाही. चार दिवसांत बदाबदा पडतो, मग पंधरा-पंधरा दिवस दडी मारतो. रोवणी खोळंबते, नाहीतर धान गर्भावर असताना बांधीला भेगा पडतात. अशा वेळी एक पाणी मिळालं तरी पीक हाती लागते.

ही सोय आपल्या जिल्ह्यात जुनीच आहे. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने डोंगर-जंगलाच्या उताराचं पाणी पाळ बांधून अडवलं. पुढे हे तलाव मालगुजारांकडे होते. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. 'माजी मालगुजारी'चं लोकांनी 'मामा' केलं.

मालकी गेली तशी दरवर्षीची देखभालही सुटली. गाळ भरला, बेशरम माजली, पोटात अतिक्रमण झालं. तलाव उथळ झाला की जोराचा पाऊस सलंगीवरून वाहून जातो आणि खंड पडला की तळ दिसतो. म्हणजे दोन्हीकडून नुकसान.

उपाय गावाच्या हातात आहे. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेसाठी ग्रामसभेत ठराव घ्यावा. गाळ उन्हाळ्यातच काढावा, पण पाळीच्या पायथ्याशी खोदू नये. मृगाआधी तुडुम आणि सलंग तपासावी. वरचं जंगल राखावं, नाहीतर काढलेला गाळ पुन्हा येईल. १०० हेक्टरपर्यंत सिंचनाचे तलाव जिल्हा परिषदेकडे असतात. दुरुस्तीची मागणी तिथेच करावी.