खांब, खांदा आणि काही रूढ समजुती

नोकरीच्या निमित्ताने अ‍ॅम्स्टरडॅम, अ‍ॅम्स्टलव्हेन किंवा आइंडहोव्हन येथे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबातील एखादी तरुणी ‘पोल फिटनेस’च्या वर्गात नाव दाखल करते, तेव्हा पुण्या-साताऱ्याकडील वडीलधाऱ्यांच्या कपाळाला हमखास आठी पडते. वास्तविक उभ्या खांबावर देह पेलण्याची विद्या ज्या प्रांताने दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांपासून तालमीतालमींतून जोपासली, ज्या प्रांतातील अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी भारतीय व्यायामाची प्रात्यक्षिके करून दाखविली, आणि ज्याच्या शिवाजी पार्कवर २०१९ साली मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा भरली, त्या प्रांताने तरी खांब पाहून बिचकण्याचे कारण नाही. पोलचा उगम काही अंशी रात्रीच्या करमणुकीच्या जागांत आहे, हे खरेच; परंतु आज त्याला आंतरराष्ट्रीय महासंघ आहे, नियमावली आहे, आणि पंचही आहेत. हा आक्षेप येथेच निकालात काढून, ज्या समजुतींमुळे खांदे खरोखर दुखावतात, त्यांकडे वळणे अधिक श्रेयस्कर.

पहिली समजूत आपल्याच अभिमानातून उपजलेली आहे: लहानपणी मल्लखांब केलेल्यास पोल हातचा मळ. मल्लखांब लाकडाचा, एरंडेल चोळलेला आणि मुठीत न मावणाऱ्या घेराचा. सबब अढीची पकड असो, बगलीची असो, तेथे मांड्या, पावले आणि काख यांवर मोठा भार असतो. पोल धातूचा, कोरडा, स्पर्धेत ४५ मिलिमीटर व्यासाचा. त्याभोवती मूठ पुरी मिटते आणि वेळोवेळी सगळा देह त्या मुठीला लटकतो. जुन्या मल्लखांबपटूला धैर्य आणि शरीराचे भान यांचा लाभ निःसंशय मिळतो. मात्र मनगट, पंजा आणि कोपर यांना ही नवी कामगिरी नव्यानेच शिकावी लागते.

दुसरी समजूत खास नेदरलँड्सची. येथे वर्गाला सायकलीवरून जाण्याचा शिरस्ता आहे, आणि अर्धा तास वाऱ्याला तोंड देत पायडल मारले म्हणजे अंग तापलेच, असे पुष्कळांना वाटते. तापतात ते पाय. नोव्हेंबरातील पावसात हँडल धरून राहिलेली बोटे गारठलेली असतात, खांदे कानांकडे चढून आखडलेले असतात आणि पाठ पुढे वाकलेली असते. म्हणजे ज्या अवयवांना पुढच्या घटकेत देहाचा भार घ्यायचा, नेमके तेच सर्वांत बेसावध. शिवाय खोलीतील पोलही थंड असतो, आणि थंड धातूवर पकड नीट बसत नाही. म्हणून दहा-पंधरा मिनिटांची स्वतंत्र तयारी टाळता येत नाही: प्रथम दोरीवरच्या उड्या किंवा जागच्या जागी धावणे, मग हातांची वर्तुळे, मग ओणवे होऊन तळहात जमिनीवर टेकून मनगटांवर हळूहळू भार देणे, आणि शेवटी पाय जमिनीवर ठेवूनच पोलला अर्धवट लटकणे. आरंभीच ताण देऊन मिनिटभर किंवा त्याहून अधिक स्थिर राहण्याची जी जुनी रीत आहे, तिने स्नायूचा जोर काही काळ किंचित उणावतो. दीर्घ ताण वर्गाच्या अखेरीस दिलेले बरे.

परंतु सर्वांत खोल रुजलेला गैरसमज दंडाविषयीचा. बेटकुळी फुगली की चढता येते, ही समजूत तालमीबाहेरच्या प्रेक्षकाची आहे. खांद्याचा सांधा शरीरातील सर्वांत अधिक हालणारा, आणि म्हणूनच सर्वांत कमी बांधलेला. उथळ बशीवर मोठा चेंडू ठेवावा तशी त्याची रचना, आणि तो चेंडू जागेवर राखण्याचा बंदोबस्त खोलवरच्या चार लहान स्नायूंकडे सोपविलेला. ती बशी ज्या हाडाचा भाग आहे ते खवाटा, अर्थात खांद्याचे पाते, पाठीवर स्नायूंच्या आधाराने सरकत असते; ते स्थिर नसेल तर दंडातील सारे बळ व्यर्थ. याची खातरजमा करणे सोपे आहे. बारला लटकावे, कोपरे सरळ ठेवावीत, आणि हात मुळीच न वाकवता केवळ पाती खाली ओढून देह दोन बोटे वर उचलावा. ज्याला दहा पुल-अप्स येतात अशाचीही येथे कधीकधी भंबेरी उडते. आणि ज्याला ही दोन बोटे साधली, त्याचा खांदा पोलवर फिरताना गळ्याशी चढत नाही. वरचा हात आत पिळून, अंगठा खाली ठेवून धरण्याची जी दिखाऊ पकड नवशिके उतावीळपणे मागतात, ती या पायरीपूर्वी देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

जोर काढणाऱ्यांचा अभिमानही येथे थोडा तपासावा लागतो. जोर हा उत्तम व्यायाम, परंतु तो ढकलण्याचा; पोलवर ढकलण्याइतकेच ओढणेही लागते. केवळ जोरांनी छाती पुढे आखडते आणि पाठ मागे पडते. जोराच्या जोडीला रबरी पट्टा ओढणे, लटकणे, आणि घरात असेल तर हलका मुद्गल फिरवणे, अशी तजवीज असावी; आणि जी बाजू सोयीची तिच्याकडूनच सारे करून घेण्याचा मोह आवरून, दोन्ही बाजूंना सारखे काम द्यावे.

अशाने बाईचे खांदे पुरुषी होतील, ही धास्ती अगदीच निराधार. प्रारंभीच्या काही आठवड्यांत वाढणारे बळ मुख्यतः मज्जासंस्थेच्या शिकण्यातून येते, स्नायूंच्या आकारातून नव्हे, आणि पुढेही स्त्रीदेहात टेस्टोस्टेरॉन अल्प असल्याने तो आकार बेताचाच राहतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग ठणकते, त्याचे खापर लॅक्टिक आम्लावर फोडण्याची प्रथा आहे. ते आम्ल व्यायामानंतर सुमारे तासाभरात रक्तातून निघून जाते, आणि ठणका असतो तो अनभ्यस्त श्रमाने स्नायुतंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेचा. तो ओसरेपर्यंत हलके चालावे-फिरावे, जोराची कसरत आठवड्यातून दोन-तीनदाच करावी. स्नायू काही आठवड्यांत बळावतो. कंडरा मात्र महिने घेतात, आणि कोपराच्या आतल्या बाजूचे चिवट दुखणे बहुधा या तफावतीतूनच उद्भवते.

हे दुखणे दोन आठवड्यांत हटले नाही, किंवा रात्री खांद्यावर निजवेनासे झाले, तर तेल चोळत बसू नये. नेदरलँड्समध्ये २००६ पासून कुटुंबवैद्याच्या चिठ्ठीशिवाय थेट फिजिओथेरपिस्टकडे जाण्याची मुभा आहे. मात्र प्रौढांच्या अशा साध्या दुखण्याचा खर्च मूळ आरोग्यविम्यात सहसा बसत नाही, तेव्हा वर्गाचे शुल्क भरण्यापूर्वी आपला पूरक विमा किती भेटींचा भार उचलतो, हे पाहून ठेवावे.