धाडसाला शिक्षणाची जोड

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आगीचा बंब घंटा वाजवत रस्त्याने गेला, की आपण बाजूला होतो, क्षणभर हळहळतो आणि आपल्या कामाला लागतो. त्या बंबावरची माणसे हे काम कुठे शिकली, पुढे त्यांना काय शिकायला मिळते, हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. भंडारा जिल्ह्यात तरी तो विचारला गेला पाहिजे.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात शिशू कक्षाला आग लागली. दहा बालके दगावली, सात वाचली. दगावलेल्यांपैकी तीन भाजल्यामुळे आणि सात धुरात गुदमरल्यामुळे गेली, असे तेव्हा सांगण्यात आले. म्हणजे ज्वाळांहून धूरच अधिक घातक ठरला. मी रुग्णालयांत आणि शाळांत आगीपासून बचावाचे वर्ग घेतो, तेव्हा पहिला धडा धुराचाच असतो. तापलेला धूर वर चढतो, छतापासून खाली भरत येतो. जमिनीलगतची हवा सर्वांत शेवटी बिघडते. म्हणून उभे राहून पळू नये, वाकून किंवा रांगत बाहेर पडावे.

अग्निशामकाला तर त्याच धुरात आत शिरायचे असते. पाठीवर हवेची टाकी, तोंडावर मुखवटा, डोळ्यांपुढे काळोख. टाकीतली हवा मोजकीच पुरते. अशा वेळी भिंतीला हात लावून पुढे सरकणे आणि पाण्याच्या नळीचा माग धरून परत येणे, हे सवयीनेच जमते. त्यासाठी धुराने भरलेल्या अंधाऱ्या खोलीत पुन्हा पुन्हा सराव करून घेतात. पुस्तक वाचून हे येत नाही, आणि एकदा शिकून जन्मभर पुरतही नाही.

शिवाय काम फक्त आगीचे राहिलेले नाही. २४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट होऊन छत कोसळले, कामगार मृत्युमुखी पडले. ढिगाऱ्याखालचा माणूस शोधणे, स्लॅब उचलताना तो पुन्हा खचू न देणे, ही वेगळीच विद्या आहे.

हे शिकायची सोय भंडाऱ्यापासून साठेक किलोमीटरवर, नागपुरात आहे. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ साली रामपूरला सुरू झाले आणि १९५७ मध्ये नागपूरला आले. तेथे अधिकाऱ्यांचे अभ्यासक्रम चालतात, अग्निअभियांत्रिकीची पदवीही मिळते. नागपूरच्या हर्षिनी कान्हेकर यांनी २००२ मध्ये तेथे प्रवेश घेतला आणि मुलींसाठी वाट मोकळी केली. दहावी झालेल्या मुलांसाठी राज्याच्या अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा सहा महिन्यांचा अग्निशामक अभ्यासक्रम आहे. फायरमन, लीडिंग फायरमन, सब ऑफिसर, स्टेशन ऑफिसर अशी पुढची शिडी. परंतु लहान नगरपरिषदेत वरच्या पायऱ्या मोजक्याच. म्हणून सेवेत असताना पुढच्या अभ्यासक्रमाला पाठवणे, ही उपकाराची बाब न राहता हक्काची झाली पाहिजे.

रुग्णवाहिकेचेही तसेच. आपल्या राज्यात १०८ क्रमांकाची सेवा २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. त्यांपैकी २३३ गाड्यांत अतिदक्षतेची साधने होती. गाडी आली म्हणजे उपचार आले, असे मात्र नव्हे. बंद पडलेले हृदय चालू करण्यासाठी छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबावी लागते. वरचेवर सराव नसेल तर जाणत्याचाही हात हलका पडतो. या क्षेत्रातील तंत्रज्ञांना २०२१ च्या केंद्रीय कायद्याने आरोग्यव्यावसायिक म्हणून स्थान दिले आहे. त्या मान्यतेला नियमित शिक्षणाची जोड हवी.

आणि एक गोष्ट विसरू नये. बंब कितीही लवकर आला, तरी पहिली काही मिनिटे वॉर्डातल्या परिचारिकेची आणि कक्षसेवकाची असतात. रुग्ण कोणत्या क्रमाने हलवायचे, मागे दार का बंद करायचे, ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह कुठे आहे आणि तो कुणाच्या सांगण्यावरून बंद करायचा, हे त्यांना रात्रपाळीतही तोंडपाठ हवे. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण आग भडकवतो. अग्निशामक नळकांड्याची पिन काढायची, नळी ज्वाळेच्या बुडाशी रोखायची, दांडी दाबायची आणि फवारा दोन्ही बाजूंना फिरवायचा. एकदा हाताने करून पाहिले, की भीती निम्मी होते.

राज्याच्या २००६ च्या कायद्यानुसार इमारतीतील अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते. यंत्राची तपासणी वर्षातून दोनदा होते, तर माणसाचीही व्हावी.

१९४४ साली मुंबई गोदीतील स्फोटात ६६ अग्निशामकांनी प्राण दिले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. त्या सप्ताहात हारतुरे होतातच. भंडारा, तुमसर, पवनी, साकोलीच्या नागरिकांनी त्यासोबत आपल्या जवळच्या रुग्णालयात एक साधा प्रश्न विचारावा : रात्रपाळीच्या कर्मचाऱ्यांचा आगीचा सराव शेवटचा कधी झाला? तारीख सांगता आली नाही, तर सराव ठरेपर्यंत पाठपुरावा करावा. तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही. आगीच्या वेळी तर मुळीच नाही.