परिवर्तन आणि नित्यता : एक ग्रीक वाद व वैद्यक

ज्वराने रुग्णाच्या शरीरात पालट होतो, ज्वर उतरला की पुन्हा पालट होतो. तरीही मनुष्य तोच, असे आपण मानतो. मग बदलते काय आणि टिकते काय? ग्रीक तत्त्वज्ञांनी हा प्रश्न इ. स. पू. ५०० च्या सुमारास अत्यंत तीव्रतेने उपस्थित केला.

एफिससच्या हेराक्लायटसने नदीचा दृष्टान्त दिला. नदीचे पाणी क्षणोक्षणी निराळे असते. मात्र या अखंड परिवर्तनालाही नियम आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. एलियाच्या पार्मेनिडीजने दुसरे टोक गाठले. असत्‌पासून सत् उत्पन्न होत नाही, सत् असत्‌मध्ये विलीनही होत नाही. म्हणून सत् एक व अविकारी आणि परिवर्तन हा केवळ भास होय. सॅमॉसच्या मेलिससने तर सत्‌ला वेदनाही संभवत नाही, असे म्हटले.

येथे वैद्यापुढे पेच उभा राहतो. काहीच टिकत नसेल, तर रोगाचे ज्ञान अशक्य. काहीच पालटत नसेल, तर रोगही नाही आणि चिकित्साही नाही. सिसिलीतील एम्पिडोक्लीजने मधला मार्ग काढला : पृथ्वी, जल, अग्नी व वायू ही चार मूलद्रव्ये नित्य होत, त्यांचा संयोग-वियोग म्हणजेच परिवर्तन. हिपोक्रेटिसच्या परंपरेतील मनुष्यप्रकृतीविषयक ग्रंथ शरीराबाबत असाच विचार करतो. मनुष्य एकद्रव्यात्मक असता तर त्याला वेदना झालीच नसती, असे सांगून तो मेलिससचाही नामनिर्देश करतो. रक्त, कफ, पीत पित्त व कृष्ण पित्त शरीरात सदैव असतात. त्यांचे प्रमाण ऋतूनुसार पालटते. योग्य मिश्रण म्हणजे आरोग्य, न्यूनाधिक्य वा पृथक्‌पणा म्हणजे रोग.

हे चतुष्टय म्हणजे आपले त्रिदोष, असे मात्र समजू नये. त्यात वाताला स्थानच नाही. साम्य प्रश्नात आहे, उत्तरात नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायात अग्निवेशही विचारतो, की धातू स्वभावतःच नाश पावत असतील, तर चिकित्सेचे प्रयोजन काय? आत्रेयांचे उत्तर असे, की विषम हेतूंचा त्याग व सम हेतूंचे सेवन केल्याने विषम धातूंची परंपरा खंडित होते आणि सम धातू उत्पन्न होतात. ग्रीक ग्रंथकाराने नित्य घटकांचा आधार शोधला. चरकाने परिवर्तनाचा प्रवाह मान्य करून त्याचे हेतू वैद्याच्या हाती दिले. पथ्यापथ्य सांगताना आपण याच सिद्धान्तावर उभे असतो.