अर्धवट राहिलेली वाटणी

केळ्याच्या सालीवर घोंगावणारी चिमुकली फळमाशी मी आजवर हाताने झटकून टाकीत आलो होतो. परंतु तिच्या एकेका अंड्यासाठी पंधरा पेशी आपले सर्वस्व रिते करतात, हे एका तरुण संशोधिकेच्या तोंडून ऐकले, आणि त्या पंधरांचे दर्शन घेतल्यावाचून राहवेना, म्हणून मी पुण्यातील तिच्या प्रयोगशाळेत गेलो.

दारातच शिजलेल्या मक्याच्या पिठाचा आणि यीस्टचा आंबूस-गोड वास भेटला; घरी परतल्यावरही तो सदऱ्याला होता. माशीला गुंगी आणून चिमट्यांनी अंडाशय काढणे त्या मुलीच्या हातून क्षणात उरकले. मग आदल्या दिवशी रंगवून ठेवलेली काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवून ती म्हणाली, "काका, मोजा. पंधरा भरतील."

भिंग वरखाली करीत मोजल्या, पंधराच भरल्या. मूळ पेशी एकच. चार वेळा विभागून तिच्या सोळा होतात, पण ही वाटणी दर खेपेस अर्धवट राहते, आणि भाऊ वेगळे निघाले तरी मधले दार कोणी चिणू नये, तशी दोन सख्ख्या पेशींमध्ये ॲक्टिनची एक गोल कडी उघडी राहते. ज्या दोघींच्या वाट्याला अशी चार-चार दारे येतात, त्यांतलीच एक अंडपेशी होते; दुसरी मुकाट्याने पोषकपेशींत जमा होते.

अंडपेशीचे स्वतःचे केंद्रक बहुतांशी स्तब्धच असते. प्रथिने आणि आरएनएचे खलिते पंधराजणी तयार करतात व त्या कड्यांतून रवाना करतात. त्यांपैकी 'बायकॉइड' हा खलिता अंड्याच्या पुढल्या टोकाशी ठेवला जातो, आणि तो मातेकडून आला नाही तर गर्भाला डोके व छाती लाभत नाही, हे 1995 च्या नोबेल पारितोषिकाच्या एक मानकरी ख्रिस्तियाने न्यूसलाइन-फोलहार्ड यांच्या संशोधनातून उघड झाले. 'केल्च' नावाचे जनुक बिघडले, की कड्या आतून बुजतात आणि अंडे खुरटे राहते. त्या तांबड्या कड्यांवरून माझी नजर हटेना. सुरुवातीला जेमतेम मायक्रॉनभर असलेले हे दार अखेरीस सुमारे 10 मायक्रॉन रुंद होते, आणि मग अर्ध्या-एक तासात पंधराही पेशी आपला उरलासुरला जीवरस त्यातून ओतून मरतात.

निघताना तिने ताजे घातलेले अंडे दाखविले: अर्धा मिलिमीटर लांब, पांढरे, पुढल्या टोकाशी दोन नाजूक तंतू. पंधरांपैकी एकही पेशी त्यात नव्हती.