कर्करोगाचे उपचार आणि तोंडाचे अस्तर

रुग्णांची वाट
हैदराबादमध्ये काचीगुडा हे रेल्वे स्थानक आहे. तेथे नांदेडकडून येणाऱ्या गाड्यांमुळे मराठवाड्यातील रुग्णांचा या शहराशी जुना संबंध आहे. रेड हिल्स भागातील एमएनजे ही सरकारी कर्करोग संस्था १९५५ पासूनची. तंबाखू आणि गुटख्यामुळे तोंडाचा कर्करोग आपल्याकडे फार आढळतो, आणि त्यावरील रेडिएशन सहा-सात आठवडे चालते. या काळात तोंड आल्यामुळे उपचारात खंड पडला, तर गाठीला पुन्हा वाढण्यास अवसर मिळतो. त्यामुळे तोंडाच्या अस्तराचे रक्षण हा मूळ उपचाराचाच भाग ठरतो.

अस्तर का सोलवटते
तोंडाच्या आतील पातळ आवरणाच्या पेशी साधारण एक-दोन आठवड्यांत नव्याने तयार होतात. झपाट्याने विभागणाऱ्या पेशींवर किमो आणि किरणांचा आघात अधिक होतो, म्हणून कर्कपेशींबरोबर या पेशीही मरतात. नुकसान मात्र पृष्ठभागाखालील ऊतींपासून सुरू होते: तेथे दाह वाढत जातो आणि व्रण नंतर दिसतो. किमोनंतर तो बहुधा पाच ते दहा दिवसांत उमटतो, रेडिएशनमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. व्रण दिसेपर्यंत रक्षणाची बरीचशी वेळ निघून गेलेली असते.

तीव्रतेचे मोजमाप
जागतिक आरोग्य संघटनेची श्रेणी ० ते ४ अशी आहे, आणि तिचा मुख्य आधार खाण्याची क्षमता हा आहे. पहिल्या श्रेणीत लाली व दुखरेपणा असतो. दुसरीत व्रण असूनही मऊ भातासारखे घन अन्न जाते. तिसरीत पेज, ताक असे पातळ पदार्थच उरतात. चौथीत तोंडाने काहीच घेता येत नाही आणि नळीने अन्न द्यावे लागते.

बर्फाचा उपाय
सर्वांत स्वस्त उपाय बर्फाचा. ५-फ्लुरोयुरॅसिल हे औषध शिरेतून एकदम दिले जाते, तेव्हा ते रक्तात थोडाच वेळ टिकते. इंजेक्शनच्या पाच मिनिटे आधीपासून एकूण अर्धा तास बर्फ तोंडात घोळवल्यास रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि अस्तरापर्यंत औषध कमी पोहोचते. अस्थिमज्जा प्रत्यारोपणापूर्वीच्या मोठ्या मात्रेतील मेल्फलानलाही हेच तत्त्व लागू होते. तेच ५-फ्लुरोयुरॅसिल पंपाने सलग दोन दिवस दिले, तर अर्ध्या तासाचा बर्फ निरुपयोगी. सोबत ऑक्झॅलिप्लॅटिन असल्यास थंडी टाळावीच लागते, कारण त्या औषधाने घशात व हातापायांत थंडी सहन न होण्याचा त्रास होतो.

प्रकाशाचा उपाय
कमी शक्तीचा लाल किंवा अवरक्त प्रकाश पेशींतील ऊर्जानिर्मितीला चालना देतो व दाह घटवतो. डोके-मानेच्या रेडिएशनमध्ये आणि प्रत्यारोपणात तो व्रण सुरू होण्यापूर्वीपासून द्यावा लागतो. अडचण यंत्राची आणि प्रशिक्षित हातांची आहे. शिवाय गुटख्याने तोंड उघडणे कमी झालेल्या रुग्णात प्रकाशाची दांडी आतपर्यंत जात नाही. गाठ असलेल्या जागेवर तो थेट देण्याबाबत सावधगिरी राखली जाते.

गुळण्या आणि दात
बेंझिडॅमिनच्या गुळण्या दाह कमी करतात. डोके-मानेच्या रेडिएशनमध्ये त्यांचा उपयोग सिद्ध आहे. क्लोरहेक्सिडिन दातांवरील थर कमी करते, पण किरणांनी होणारे व्रण रोखत नाही, तरी ते सरसकट लिहून दिले जाते. लिटरभर पाण्यात एकेक चमचा मीठ व खाण्याचा सोडा घालून केलेल्या गुळण्या तोंड स्वच्छ व ओलसर ठेवतात. त्यांच्याकडून याहून अधिक अपेक्षा करणे व्यर्थ. वाचवता न येणारे किडलेले दात मात्र रेडिएशनच्या किमान दोन आठवडे आधी काढावेत, कारण किरण लागलेल्या जबड्यात जखम नीट भरत नाही आणि हाड मृत होण्याचा धोका राहतो.

मर्यादा
पॅलिफर्मिन हे पेशीवाढीला चालना देणारे औषध अमेरिकेत २००४ मध्ये रक्ताच्या कर्करोगांतील प्रत्यारोपणासाठी मंजूर झाले. ते महाग आहे आणि त्याचे क्षेत्र मर्यादित आहे. कोणताही उपाय व्रण पूर्णपणे टाळत नाही. तीव्रता व दिवस तेवढे कमी होतात. पांढरे चट्टे दिसल्यास बुरशीचा संसर्ग तपासावा लागतो. पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना ताप आला, तर उघड्या व्रणातून जंतू रक्तात गेले असण्याची शक्यता असते आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठणे आवश्यक ठरते.