मराठीच्या घरात किती देवघरं!

पुण्याहून साताऱ्याकडे निघालात, नीरेचा पूल ओलांडलात की लगेच शिरवळ. इथल्या नदीकाठी सुभानमंगळ किल्ला होता. 1648 मध्ये शिवरायांच्या मावळ्यांनी तो आदिलशाही सरदार फत्तेखानाच्या माणसांकडून लढून घेतला. किल्ल्याचं आज फारसं काही उरलेलं नाही, पण नाव पाहा! ‘सुभान’ अरबी वळणाचा, ‘मंगळ’ संस्कृतातला. गावाच्या तोंडी मात्र दोन्ही मिळून एकच शब्द, सांधा कुठं दिसतच नाही.

मराठी भाषेचं अगदी असंच आहे. हा मुलूख आदिलशाहीत होता तेव्हाची गोष्ट. पहिल्या इब्राहीम आदिलशहानं (1534–1558) महसुली हिशेबातून फारसी बाजूला केली आणि देशी भाषा आणली. इकडच्या कुळकर्ण्यांसाठी ती मराठीच. सुलतानाच्या दप्तरात मराठी!

श्रीगोंद्याचे शेख महंमद मुसलमान आणि सूफी परंपरेतले. त्यांनी ‘योगसंग्राम’ ओवीत लिहिला आणि वारकऱ्यांनी त्यांना संत म्हणून डोक्यावर घेतलं. जेजुरीचे सगनभाऊ शिकलगार, तेही मुसलमान. पेशवाईच्या उतरत्या काळात त्यांच्या लावण्यांनी फड गाजवले. बार्शीत जन्मलेल्या शाहीर अमर शेखांच्या पहाडी आवाजाशिवाय संयुक्त महाराष्ट्राच्या सभा आठवूनच पाहा!

भाषा एकाच धर्माची मानली की काय होतं, ते पाहायला आता थोडं दूर जाऊ, आयर्लंडला. आयरिश म्हणजे कॅथलिकांची भाषा, असा समज तिथं घट्ट रुजला. वास्तविक ती भाषा वाचवण्यासाठी 1893 मध्ये गेलिक लीग निघाली, तिचे पहिले अध्यक्ष डग्लस हाइड एका प्रॉटेस्टंट धर्मगुरूंचे चिरंजीव. पुढं 1938 मध्ये तेच आयर्लंडचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. पूर्व बेलफास्ट हा प्रॉटेस्टंट वस्तीचा भाग. तिथं आज लिंडा अर्व्हाइन यांच्या धडपडीमुळं आयरिशचे वर्ग भरतात. शिकायला येणाऱ्या प्रॉटेस्टंटांना कळतं, अरे, ही तर आपल्याही पूर्वजांची बोली!

हेच दोन पंथ मराठीत आले आणि दोघांनीही ओवीच धरली. कॅथलिक फादर थॉमस स्टीफन्स मूळचे इंग्लंडचे, 1579 मध्ये गोव्यात उतरले. त्यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’त सुमारे 11 हजार ओव्या आहेत. 1616 मध्ये तो ग्रंथ राचोलला छापला, तोही रोमन लिपीत. मराठीची थोरवी सांगताना या परदेशी माणसाची लेखणी फुलांपासून रत्नांपर्यंत फिरते. त्यानंतर तीनशे वर्षांनी प्रॉटेस्टंट झालेले रेव्हरंड नारायण वामन टिळक आले. ख्रिस्ताची भक्ती त्यांनी अभंगांतून आणि भजनांतून गायली, आणि 1917 मध्ये आपल्या साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा भक्तांचा संघ उभा केला. त्यांचं अपुरं राहिलेलं ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढं नेलं. ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या त्याच लक्ष्मीबाई. लग्नानंतर अक्षरं गिरवायला लागलेल्या बाईनं हे केलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

माझ्या सर्वांत आवडीची गोष्ट मात्र पुण्याची. 1874 मध्ये तिथं बेने इस्राएल ज्यूंनी वल्हांडण सणाचं पुस्तक, हगादा, हिब्रूसोबत मराठी भाषांतर देऊन छापलं. त्यातल्या चित्रात सणाची बिनखमिराची भाकरी करायला बायका जमिनीवर बसल्यात आणि अंगावर साड्या! या ज्यूंमधले कित्येक पेणकर, रोहेकर, दिवेकर पुढं इस्राएलला गेले. तिथंही त्यांनी मराठी नियतकालिक काढलं, नाव ठेवलं ‘मायबोली’.

आणि इकडे मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद 1990 मध्ये पुण्यात यू. म. पठाणांनी भूषवलं, 2020 मध्ये उस्मानाबादला फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी. पठाणांचा अभ्यास महानुभाव आणि संत वाङ्मयाचा. दिब्रिटोंच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळालेला.

पुढच्या खेपेला साताऱ्याला जाताना शिरवळला जरा गाडी थांबवा. नीरेकाठी उभं राहून पोरांना सुभानमंगळाची लढाई सांगालच, त्या नावातले दोन्ही शब्दही उलगडून सांगा.